नारळपाण्याचा साबण, फसलेला फेस मिस्ट आणि शेवटी उटणं: प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२५

गणपती गेले आणि घरात माटवीचे (गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती), ओटीचे, तोरणाचे मिळून नारळांचा ढीग पडलाय. त्यात आमच्या वाडीच्या टोकाला (वेंगुर्ला तालुका) खोबरेल काढायचं एक छोटं युनिट आहे, तिथे रोज सकाळी नारळ फोडतात आणि पाणी सरळ गटारात, दुपारी तिथून जाताना आंबूस वास येतो. जाऊबाई म्हणाल्या की मॉलमधे नारळपाण्याचा फेस मिस्ट (म्हणजे चेहऱ्यावर फवारायचं पाणी) छोट्या बाटलीला चारशे रुपयाला बघितला आणि आपण इथे गटारात ओततोय. तिथून सगळं सुरू झालं.

ठरवलेलं असं: एक फेस मिस्ट, एक साबण. दिवाळीच्या आत दोन्ही. आधी घरात वापरायचं, बरं निघालं तर बचत गटात.

सामान आणलं: कॉस्टिक सोडा फ्लेक्स (तेलाचा साबण याच्यामुळे होतो, कातडी जाळतो) १ किलो १२० रुपये, खोबरेल ४५० रुपये लिटर (यंदा खोबरेलाचे भाव बघून रडू येतं), राइस ब्रान तेल १७०, एरंडेल ३२०. पीएच पट्ट्या (आंबटपणा मोजायला), ग्लिसरीन, सोडियम बेन्झोएट, पोटॅशियम सॉर्बेट (ही दोन पाणी टिकवायला), सायट्रिक अॅसिड ऑनलाइन मागवलं, सगळं मिळून सहाशेच्या वर गेलं. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा होताच. काटा नसेल तर साबणाच्या वाटेला जाऊ नका, वाटी-चमच्याने कॉस्टिक मोजत नाहीत.

११ सप्टेंबर

पाणी कुठलं घ्यायचं यावर अख्खी सकाळ गेली. शहाळ्याचं पाणी गोड असतं, सहासात महिन्यांचं फळ असेल तर पाणीही भरपूर, साखर साधारण चार-पाच टक्के. पिकलेल्या नारळाचं पाणी कमी गोड, थोडं खारट, आणि आम्हाला फुकट. दोन्हीत ९४-९५ टक्के निव्वळ पाणीच. बाकी साखर, पोटॅशियम (शंभर ग्रॅमला २५० मिलिग्रॅमच्या आसपास), आणि क व्हिटॅमिन अडीच मिलिग्रॅम, म्हणजे नावापुरतं. लोक "व्हिटॅमिन सी आहे" म्हणून चेहऱ्याला लावतात त्यांनी आवळ्याकडे बघावं.

पाडेली आला होता माड साफ करायला, त्याच्याकडून शहाळी ३५ रुपयाने घेतली. कशाला हवीत ते ऐकून म्हणाला, "ह्यां पाणी पिऊचा असता, तोंडाक लावूचा नाय." सासूबाईंनी लगेच त्याला कांजिण्यांचं सांगितलं. आमच्याकडे कांजिण्या, गोवर उतरला की पोरांना नारळाच्या पाण्याने पुसायची पद्धत आहे, डाग जातात म्हणून. डाग तसेही काही महिन्यांत फिके होतात, त्यामुळे श्रेय पाण्याचं की काळाचं हे कुणाला ठरवता यायचं नाही. पण त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, ते पाणी तेव्हाच्या तेव्हा नारळ फोडून लावायचे, बाटलीत भरून ठेवत नव्हते.

१३ सप्टेंबर

मिस्ट, पहिला प्रयोग. शहाळं फोडलं, मलमलच्या कपड्यातून दोनदा गाळलं, ५ टक्के ग्लिसरीन घातलं, उकळून वाळवलेल्या स्प्रे बाटलीत भरून फ्रिजमधे. अर्धी बाटली बाहेर ओट्यावर ठेवली, फरक बघायला.

बाहेरची संध्याकाळपर्यंत गढूळ, रात्री आंबूस. हे अपेक्षित होतं. फ्रिजमधली मात्र दुसऱ्या दिवशी गुलाबी झाली! जाऊबाई खूश, म्हणाल्या गुलाबपाणी दिसतंय. पण हा रंग म्हणजे पाण्यातली एन्झाइम्स हवेशी गाठ पडल्यावर त्यातल्याच फिनॉल्स नावाच्या द्रव्यांना रंगवतात, सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं तोच प्रकार. पाणी त्याने बिघडलंच असं नाही, पण विकत घेणारा बघूनच परत करेल. चिमूटभर अॅस्कॉर्बिक अॅसिड घातलं तर रंग थांबतो, मेडिकलमधली च्युइंगवाली व्हिटॅमिन सीची गोळी नको, त्यात रंग आणि साखर असते, साधी पावडर आणा.

पाणी गरम करून एन्झाइम्स मारता येतात का तेही केलं. सत्तर डिग्रीला काही झालं नाही, गुलाबी झालंच. ही एन्झाइम्स चिवट आहेत, नव्वदच्या आसपास काही मिनिटं ठेवलं तेव्हा थांबलं, आणि तोवर पाण्याला उकडल्यासारखा वास आला. ताज्या शहाळ्याचा वास हवा म्हणून तर सगळा खटाटोप होता.

चेहऱ्यावर कसं वाटलं ते: मारल्या मारल्या छान गार, दहा मिनिटांनी चिकट. ग्लिसरीन ३ टक्क्यावर आणलं तरी चिकट, कारण साखर. आणि इथली हवा सप्टेंबरात आधीच ओली चिंब असते. पुण्यात एसीत बसणाऱ्या माझ्या बहिणीला कदाचित आवडेल.

१६ सप्टेंबर

साबण. रेसिपी लिहून ठेवते म्हणजे पुढे वाचणाऱ्याला हिशोब लागेल: खोबरेल ३०० ग्रॅम, राइस ब्रान १५०, एरंडेल ५०, कॉस्टिक ७४ ग्रॅम, नारळपाणी १५० ग्रॅम. कॉस्टिक मुद्दाम आठ टक्के कमी धरलंय, खोबरेल ६० टक्के आहे आणि खोबरेलाचा साबण फेस भरपूर देतो पण कातडी कोरडी करतो, थोडं तेल साबण न होता मागे राहिलेलं बरं.

साध्या पाण्यात कॉस्टिक घालतो तसं नारळपाण्यात घातलं (कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, उसळतं). मिनिटभरात पिवळं, मग नारिंगी, मग चहासारखं, आणि असा वास सुटला की सासूबाई आतून ओरडल्या काय जळलं म्हणून. कॉस्टिक विरघळताना पाणी ऐंशी-नव्वदपर्यंत तापतं आणि त्यात साखर असेल तर ती करपते. वास दुसऱ्या दिवशी कमी झाला पण रंग गेला नाही.

तरीही तेलात ओतलं, हँड ब्लेंडर फिरवला, एरवीपेक्षा लवकर घट्ट झालं, साच्यात भरलं आणि सवयीने वर गोधडी टाकली. साध्या साबणाला ते चालतं. साखरवाला साबण स्वतःच आतून तापतो, त्याला गोधडी म्हणजे आगीत तेल. दोन तासांनी बघितलं तर मधोमध लांब भेग आणि त्यातून तेलकट द्रव वर आलेला. रात्रीत बराचसा परत शोषला गेला. वड्या पाडल्या, रंग गडद तपकिरी, दिसायला गुळाची ढेप. कपडे धुवायला ठेवला. सुमारे दोनशे रुपयांचं तेल त्यात गेलं.

सुरक्षेचं एकदाच सांगते: हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, पोरं घराबाहेर, भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. अॅल्युमिनियमचं टोप अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन निघतो. अंगावर उडालं तर धावत्या नळाखाली धरा, बराच वेळ. व्हिनेगर वगैरे ओतत बसू नका.

१९ सप्टेंबर

आज बर्फाची युक्ती. नारळपाणी आधी वजन करून १५० ग्रॅम ट्रेमधे गोठवलं. बर्फाचे खडे स्टीलच्या भांड्यात, ते भांडं घमेल्यातल्या बर्फ-मिठात, आणि कॉस्टिक एकेक चमचा भुरभुरत, ढवळत. वीस-पंचवीस मिनिटं जातात, हात दुखतो, पण पाणी फिकट पिवळ्यावर थांबलं आणि वास नाही.

दोन गोष्टी कुठे लिहिलेल्या सापडल्या नव्हत्या म्हणून इथे टाकते. एक, थंडीत कॉस्टिकचे बारीक कण तळाशी न विरघळता राहतात, तेच साबणात गेले तर वापरताना चटका बसतो, म्हणून स्टीलच्या गाळणीतून गाळून तेलात ओता आणि गाळणीत काही उरलं तर तेही ढवळून विरघळवा, टाकून दिलं तर वजन चुकतं. दोन, पाणी गोठवायच्या आधी नीट गाळा. मलईचे कण राहिले तर कॉस्टिकमधे त्यांच्या गुठळ्या होतात.

साचा उघडाच ठेवला, फॅनखाली. भेग नाही. रंग सायीसारखा.

याच्याच जोडीला अजून एक बॅच केला, तीच तेलं, तेच कॉस्टिक, पण साधं पाणी आणि त्यात एक सपाट चमचा साखर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास. १५० ग्रॅम नारळपाण्यात जेवढी साखर असते साधारण तेवढीच. जाऊबाईंना हे पटलं नाही, त्यांच्या मते मी उगाच तेल वाया घालवतेय. मला बघायचंय की नारळपाणी साबणात नक्की काय करतं. वड्यांच्या पाठीवर टाचणीने न आणि स कोरून ठेवलंय.

२२ सप्टेंबर

मिस्ट परत, या वेळी प्रिझर्व्हेटिव्ह घालून. सोडियम बेन्झोएट अर्धा टक्का, पोटॅशियम सॉर्बेट पाव टक्का. ही जोडी पीएच पाचच्या खाली असेल तरच नीट काम करते, म्हणून सायट्रिक अॅसिडने साडेचारवर आणलं. नारळपाणी मुळात पाचच्या आसपास असतं त्यामुळे जरासंच लागतं.

लोक काय काय सुचवतात ते पण बघा: व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घाल, गुलाबपाणी मिसळ, टी ट्री ऑइलचे थेंब टाक, कडुनिंबाचा पाला घाल. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ नये म्हणून असतं, जंतूंना ते काही करत नाही. गुलाबपाणी स्वतःच बिघडतं. टी ट्री पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात चेहऱ्याची आग करतं.

२ ऑक्टोबर

मिस्ट बंद. कायमचा.

खिडकीत ठेवलेली बाटली आज उघडली तर सोडावॉटरसारखा फुस्स आवाज. यीस्टने साखर खाऊन गॅस केलाय. दिसायला पाणी अगदी स्वच्छ होतं, वासही नव्हता, स्क्रू झाकणाऐवजी स्प्रेचं झाकण असतं तर कळलंही नसतं. फ्रिजमधल्या बाटलीत काही दिसत नाही, पण दिसत नाही म्हणजे नाही असं धरायचं कशाच्या जोरावर? बेन्झोएट-सॉर्बेट बुरशी-यीस्टवर तरी बरं चालतं, बॅक्टेरियावर त्याहून कमी, आणि इथे यीस्टच सुटलं होतं. फेनॉक्सीइथेनॉल नावाचं दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्यापर्यंत घालता येतं, ते घालून कदाचित टिकेल, पण टिकलं की नाही हे लॅबमधे जंतू मुद्दाम सोडून तपासतात, त्याला चॅलेंज टेस्ट म्हणतात, आणि त्याचा खर्च आमच्या अख्ख्या प्रकल्पापेक्षा जास्त. ते न करता कुणाच्या तोंडावर मारायला द्यायचं नाही यावर मात्र दोघींचं एकमत झालं.

मॉलमधला मिस्ट टिकतो कसा याचं उत्तर बाटलीच्या मागे असतं. नारळपाणी यादीत कुठे आहे बघा, बऱ्याचदा पाणी, ग्लिसरीन यांच्या बरंच खाली येतं, पुढे प्रिझर्व्हेटिव्हज. समोर शहाळ्याचा फोटो मोठा.

गोळी, झाडपाला, क्रीम वाल्यांच्या जाहिरातीत "पेशी तरुण ठेवतं" असं येतं त्याचं मूळही शोधलं. १९४१ साली व्हान ओव्हरबीक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे कोवळे भ्रूण नारळपाणी घालून बशीत वाढवले, आणि तेव्हापासून टिश्यू कल्चरवाले नारळपाणी वापरतात, त्यात सायटोकायनिन नावाची वनस्पतींची वाढ-द्रव्यं असतात. खरं आहे सगळं. फक्त ते धोतऱ्याचं आहे, माझ्या गालाचं नाही. द्रव्यांचं प्रमाणही अगदी कणभर.

५ ऑक्टोबर

साबणाला घाम आलाय. पाऊस अजून रेंगाळतोय आणि साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वड्यांवर थेंब. पुसू नका, पुसल्याने चिकट थर होतो. जाळीच्या रॅकवर उभ्या लावल्या, मधे बोटभर अंतर, फॅन चालू. प्लास्टिकच्या डब्यात बंद केलेली एक वडी होती ती बुळबुळीत झाली. घाटावर चार आठवड्यात साबण वाळतो, कोकणात पावसाळा धरून सहा तरी धरा.

आणि मुंग्या! रॅकच्या पायांना पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागल्या. न आणि स दोन्हींना सारख्याच लागल्या, मुंग्यांच्या लेखी हा निकाल लागलाच म्हणायचा.

८ ऑक्टोबर

ऑनलाइन नारळपाण्याची पावडर मागवली, २०० ग्रॅम ३८० रुपये. घटकांमधे माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी. कारण नुसतं नारळपाणी फवारून वाळवलं तर साखरेमुळे चिकटून बसतं, सुटी पावडर व्हायला कशाचा तरी आधार लागतो. पाकीट उघडं राहिलं एक रात्र, सकाळी दगड. पैसे गेले.

त्याऐवजी युनिटमधलं फुकटचं पाणी आटवलं. सकाळी फोडल्याबरोबर, कळशी घेऊन उभं राहून आणायचं, दुपारी आणलेलं आंबलेलं असतं आणि त्याचा वास साबणात उतरतो. एक लिटर पाणी मंद आचेवर आटवलं की खाली जेमतेम चार-पाच चमचे तपकिरी पाक राहतो, खारट-गोड. हा फ्रीजरमधे राहतो. साबणासाठी कॉस्टिक साध्या पाण्यात विरघळवायचं, त्यातलं थोडं पाणी आधीच बाजूला काढून त्यात हा एक चमचा पाक कालवायचा आणि तेल-कॉस्टिक एकजीव झाल्यावर घालायचा. ना बर्फ, ना हात दुखणं. रंग बदामी येतो. गॅस मात्र जळतो, चूल असेल तर चुलीवर करा.

१७ ऑक्टोबर

वसुबारस आज, दिवाळी दारात आली. मिस्टचं काय करायचं याचं उत्तर सासूबाईंनी बसल्या जागी दिलं: "बाटलीत कशाला भरता, उटण्यात कालवा नि लावा." पाणी टिकत नाही तर टिकवायचंच नाही! कोरडं उटणं पाकिटात, पाणी ज्याचं त्याने घरी नारळ फोडून.

उटणं: मसूर डाळीचं पीठ दोन भाग, मुलतानी माती एक भाग, आंबेहळद, नागरमोथा, कपूर कचरी, वाळा, गुलाबपाकळ्यांची पूड मिळून एक भाग. संत्र्याची साल पहिल्यांदा घातली होती ती काढली, पुतणीच्या कोपराच्या आत लावून बघितलं तर लाल झालं आणि खाज. सालीशिवाय केलं तेव्हा काही नाही. सगळं वस्त्रगाळ करा, वाळा नीट दळला नाही तर ओरखडे उठतात.

२० ऑक्टोबर

नरक चतुर्दशी, पहाटे अभ्यंगाला सगळ्यांनी वापरलं. अर्धं घर साध्या पाण्यात कालवून, अर्धं नारळपाण्यात. नारळपाण्याचं उटणं अंगाला धरून बसतं, सुकून लगेच झडत नाही, धुतल्यावर कातडी तेवढी ताणली जात नाही. साखरेचा आणि खाऱ्याचा गुण असावा. नंतर लगेच आंघोळ असल्याने चिकटपणाचा प्रश्न नाही, टिकवण्याचा नाही, गुलाबी रंगाचा नाही. दिरांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. बाटलीतल्या पाण्याबाबतीत तसं करायची कुणाची हिंमत झाली नसती.

९ नोव्हेंबर

साबण आता पक्का वाळला. जिभेचं टोक लावून बघितलं, चटका नाही (बॅटरीला जीभ लावल्यासारखं झालं तर त्यात कॉस्टिक उरलंय, वापरू नका). पीएच पट्टी नऊ-दहाच्या मधे. साबण तसाच असतो, त्यात आंबट नारळपाणी घातलं म्हणून तो "त्वचेच्या पीएचचा" होत नाही.

न आणि स वाटले. घरात, शेजारी, गटातल्या बायकांना, अक्षर घासून काढून. दोन्ही वापरा आणि नारळाचा कुठला सांगा.

कुणालाच धड सांगता आलं नाही. अर्ध्यांनी साखरेचा तो नारळाचा म्हणून सांगितला, त्यात जाऊबाई पण. फेस दोन्हीला दाट आणि रेशमी, साधं पाणी वापरलेल्या माझ्या जुन्या साबणापेक्षा नक्की जास्त. म्हणजे नारळपाणी साबणात साखरेचं काम करतं, चांगलं करतं, पण एक चमचा साखर तेच करते पन्नास पैशांच्या आत. बाकी जे काही नाजूक त्यात असेल ते कॉस्टिकमधून जिवंत निघायचं नाही आणि निघालंच तर मिनिटभरात मोरीत.

यावर जाऊबाईंचं म्हणणं असं की साखर आपण विकत आणतो आणि हे पाणी गटारात जातं. याला माझ्याकडे उत्तर नाही, त्यामुळे पाकाचा साबण चालू राहणार. फक्त वेष्टनावर "उजळ", "डाग घालवणारा", "तरुण" यातलं काही लिहायचं नाही. फेसासाठी नारळपाणी, एवढंच.

१५ नोव्हेंबर

खर्च. एका बॅचला तेल-कॉस्टिक मिळून साधारण दोनशे रुपये, वाळून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास साबण, म्हणजे ९० ग्रॅमच्या सात वड्या, वडी २९ रुपयाला पडते. त्यात गॅस, आमची मेहनत आणि बिघडलेला माल धरलेला नाही. शहाळं वापरलं तर अजून वर जातं आणि शून्य फरक पडतो, शहाळं प्या. खर्च कमी करायला खोबरेल कमी करून बघणार आहे, ४० टक्क्यावर, पण मग कॉस्टिकचं वजनही बदलतं, तेलागणिक ते वेगळं लागतं, माझी ७४ ग्रॅमची संख्या उचलून दुसऱ्या तेलांना लावू नका.

विकायचं म्हटलं तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं, घरगुती आहे, हाताने केलंय, बचत गटाचं आहे म्हणून सूट नाही. स्वतःची जागा, माणूस, यंत्रं दाखवणं आम्हाला झेपणार नाही. लायसन्सवाल्या कारखान्याकडून आपल्या नावाने करून घ्यायची सोय असते, लोन लायसन्स, त्याची चौकशी गटातली एक ताई करतेय. तोवर घरात आणि माहेरी.

युनिटवाल्यांनी आता पाण्यासाठी वेगळा निळा ड्रम लावलाय, झाकणवाला, सकाळी आठच्या आत न्यायचं या अटीवर. पुढचा पाक सोमवारी आटवायचाय, चुलीवर, म्हणजे आज फाटी तोडून ठेवायला हवीत.